सगळ्यांनी तंबूतच झोपायला हवं का?

पत्र थोडक्यात असं : सोलापूरच्या एका वाचक भगिनीने लिहिलंय. हिवाळ्यात घरातल्या १४ जणांनी उजनी धरणाच्या काठावर एक रात्र मुक्काम करायचा असं दिवाळीत ठरलं आणि आखणीचं काम ओघानेच त्यांच्याकडे आलं. धाकट्या दिरांना ट्रेकिंगचा नाद. त्यांचं म्हणणं, पाण्याला लागून तंबू ठोकायचे, चूल पेटवायची, जागेचे पैसे कशाला मोजायचे? पुण्याचे थोरले दीर भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन येणार आहेत. त्यांची दोन्ही मुलं कॉलेजात. जाऊबाई म्हणतात, धड बाथरूम नसेल तर मी येत नाही. नणंदेचं बाळ दीड वर्षाचं आहे, ताईंची स्वतःची दोन मुलं शाळेत. सत्तरीतल्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." तारीख नाताळच्या सुट्टीतली धरली आहे. शेवटी ताई लिहितात, "सगळे एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने राहिले नाहीत तर त्याला घरची सहल कसं म्हणायचं? आणि कुणाचं काही बिनसलं तर बोल मलाच लागणार."

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासूनच सुरुवात करते, कारण आखणी तिथेच अडली आहे.

एकत्र असणं म्हणजे एकाच तऱ्हेने राहणं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण लग्नघर आठवा. पोरं गच्चीवर पसरतात, पुरुषमंडळी हॉलमध्ये सतरंजीवर, लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं आतल्या खोलीत, दोन-चार जण शेजाऱ्यांकडे. म्हणून लग्न चार घरांत झालं असं कुणी म्हणत नाही. तुमच्या सहलीत एकत्र हवी ती संध्याकाळ, रात्रीचं जेवण, त्यानंतरच्या गप्पा आणि सकाळचा चहा. रात्री दहानंतर कोण कुठे आडवं झालं, याने काही बिघडत नाही. खोल्या, तंबूंना जागा आणि गाडी उभी करायची सोय एकाच आवारात मिळाली की तुमच्या घरातली निम्मी वादावादी आपोआप मिटेल. उजनीच्या फुगवट्यावर करमाळा आणि इंदापूर दोन्ही बाजूंना अशी कृषी पर्यटन केंद्रं आहेत, शेतात खोल्या बांधून पाहुणे ठेवणारे शेतकरीही आहेत. आखणीला बसताना आधी एवढंच विचारा : १४ जणांतल्या सगळ्यात नाजूक माणसाला रात्री दोन वाजता काय लागेल?

तुमच्याकडे अशी माणसं दोन, सासूबाई आणि नणंदेचं बाळ.

सासूबाईंचं "मी घर सांभाळते" हे मला जसंच्या तसं घ्यावंसं वाटत नाही. त्या वयाच्या कितीतरी बायका प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पितात, कारण वाटेत जायचं कुठे हा घोर असतो. गुडघे वाकत नसतील तर उकिडवं बसता येत नाही, आणि हे लेक-जावयांसमोर बोलून दाखवायचं नसतं. मग "मला नको" म्हणणं सोपं पडतं. तुम्ही दोघीच असाल तेव्हा सरळ विचारा, "आई, कमोडची सोय असली तर याल का?" तरीही नको म्हणाल्या तर मात्र ते मनापासूनचं समजा. गळ घालू नका. कुणीतरी त्यांना दुपारी घेऊन यावं, जेवण करून दिवेलागणीच्या आत परत सोडावं, तेही छानच. आणि हो म्हणाल्या तर वैद्यकीय सामानाच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना हात, मधे बैठक आणि खाली निघणारं भांडं. भांडं काढून ती साध्या संडासावरही ठेवता येते. दोन दिवस आधी घरी आणून त्यांना तिच्यावर बसून-उठून बघू द्या. चारही पायांची रबरी टोपणं शाबूत आहेत का ते पाहा, गुळगुळीत फरशीवर खुर्ची सरकते ती तिथेच.

म्हातारी माणसं कॅराव्हॅनमध्ये झोपतील असं बहुतेक घरांत न बोलता ठरून जातं. मला ते पटत नाही. त्या गाडीची पायरी उंच असते, आतली वाट अरुंद, आणि संडास इतका चिंचोळा की आधाराला दुसरं माणूस आत मावत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना जमिनीच्या पातळीवरची साधी खोली कधीही बरी. गाडी बाळाला द्या. दार लागतं, वारा अडतो, दूध गरम करता येतं, रात्री रडलं तरी तंबूतल्यांची झोप मोडत नाही. जाऊबाईंना खोली मिळाली की त्यांचा बाथरूमचा प्रश्न सुटला, आणि त्यांची कॉलेजातली मुलं तंबूसाठी उड्याच मारतील. फक्त गाडीचं भाडं थोरले दीर भरणार आहेत, तेव्हा ही वाटणी त्यांच्याशी आधी बोला. तिथे पोचल्यावर सांगितलंत तर मनाला लागेल, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

एक गोष्ट पत्र वाचताना राहून राहून जाणवली. कोणाला काय हवं हे तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत. तुम्हाला स्वतःला कुठे झोपायला आवडेल हे कुठेच नाही. तेही ठरवा आणि चारचौघांत सांगा.

आता जागेचं. धाकट्या दिरांचा फुकटच्या काठाचा आग्रह मी समजू शकते, उघड्यावरच्या रात्रीची मजा वेगळीच. पण उजनीचा काठ एका जागी थांबत नाही. धरणातल्या पाण्याची टक्केवारी तर आपल्याला रोजच्या बातम्यांतून पाठ असते. मुक्कामाला जाणाऱ्याने तिचा अर्थ नीट लावावा. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी तळाचा मृतसाठा. उरलेल्या ५३ टीएमसीवर ती टक्केवारी मोजतात, म्हणून तर उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की उजनी 'उणे'त जाते. धरण उथळ आणि पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी काठापासून लांबवर मागे जातं. मित्राने मागच्या वर्षी पाठवलेल्या फोटोतली पाण्याला लागून असलेली जागा या वर्षी पाण्याखाली असू शकते किंवा चिखलाच्या पलीकडे.

तो चिखलच मला पाण्याहून जास्त भीतीदायक वाटतो. पाणी मागे सरलं की गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, ढेकळं कडक दिसतात. मोठ्या माणसाने चार पावलं टाकली की वरची पापडी फुटते आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो, मग चप्पल तिथेच राहते. लहान मूल धावत सुटलं तर घाबरून पुढेच पडतं. तुमची मुलं बरोबर आहेत, म्हणून काठावर पोचल्या पोचल्या एक दोरी बांधून सांगा, याच्या पलीकडे मोठ्यांचा हात धरल्याशिवाय जायचं नाही. पोहणं अजिबात नको. बुडालेली झाडं, जुनी बांधकामं आणि मासेमारीची जाळी वरून दिसत नाहीत. उजनीत पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून येतं, त्यामुळे हे पाणी पिण्याला, भाजी धुवायला किंवा मुलांच्या आंघोळीला घेऊ नका. उकळलं म्हणून सगळं जात नाही.

परवानगीचंही बोलायला हवं. धरणासाठी संपादन झालेली जमीन जलसंपदा विभागाची, वरची शेतं खासगी, आणि उघड्या पडलेल्या गाळावरही कुणी ना कुणी पेरलेलं असतं. 'इथे कुणी नाही' असं वाटतं तिथे सकाळी सहाला शेतकरी काठी घेऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबर असतं. धरणाच्या भिंतीच्या आसपास तर मुक्कामाचा विचारच नको. शिवाय करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये बिबट्याने माणसांचे बळी घेतले होते, हे विसरू नका. उसाच्या फडाला लागून तंबू ठोकू नये, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नये, खरकटं उघड्यावर टाकू नये. यात कुणाला घाबरवायचं नाही, तिथला शेतकरीही तुम्हाला हेच सांगेल. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर किंवा पर्यटन केंद्रात, विजेचा दिवा आणि हाकेच्या अंतरावर माणूस असलेल्या जागी तंबू लावा. दिरांना त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. तंबूची जागा निवडणं, ते लावणं, रात्रीची देखरेख हे सगळं त्यांच्याकडे सोपवा, त्यांच्या नादाला खरं काम मिळेल.

तंबूची जागा मुरमाची असावी. काळ्या रानात खुंट्या धरत नाहीत, आणि अवकाळीची एक सर आली की सगळं पायाला चिकटून आत येतं. थंडीत पहाटे दव एवढं पडतं की तंबूचं कापड ओलं गच्च होतं, तेव्हा वरचं आवरण ताणून बांधा आणि अंथरुणं कडेला टेकू देऊ नका. आपल्याकडे सगळे पांघरुणाचा विचार करतात, पण गारवा खालून येतो. खाली फोमची चटई, तिच्यावर सतरंजी, आणि वर आपल्या सोलापुरी चादरी, माणशी दोन. तंबूची चेन कायम बंद ठेवा. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते; तिचा दंश कधी कधी जाणवतही नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट, बूट आधी झटकून. दंशाचा नुसता संशय आला तरी आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र-तंत्र काही नको. अवयव हलवू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

आणि थंडी कितीही असो, शेगडी, कोळसा किंवा गॅस तंबूत किंवा बंद गाडीत पेटवून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. याबाबतीत घरात कुणाचंही ऐकू नका.

होडीबद्दलही तेवढीच ठाम राहा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलं होती. हिवाळ्यात वादळं कमी असतात हे खरं, पण एवढ्या मोठ्या पसरलेल्या पाण्यावर वारा उठायला वेळ लागत नाही. पक्षी बघायला होडीतून जायचं तर सकाळी जा, प्रत्येकाच्या अंगावर मापाचं लाइफ जॅकेट हवं, आणि होडीवाला "आणखी दोघं बसवा" म्हणाला तर दुसरी फेरी करा. बाळाच्या मापाचं जॅकेट मिळालं नाही तर नणंदबाई बाळाला घेऊन काठावर थांबतील. त्यांच्यासोबत कुणीतरी थांबायला हवं, हेही आधीच ठरवा.

कॅराव्हॅनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून इतर वाचकांकडूनही हे विचारलं जातं. गाडी भाड्याने घेताना नोंदणी पुस्तकावर तिची नोंद कॅराव्हॅन म्हणूनच आहे का ते बघा. साध्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आरटीओच्या मंजुरीशिवाय पलंग आणि गॅस बसवला असेल तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही, आणि उद्या अपघात झालाच तर विम्याचा दावा अडतो. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं, पलंगावर कुणी झोपायचं नाही, गॅसची टाकी बंद.

मुक्कामाच्या जागी गाडी पोचेल का, हा पुढचा प्रश्न. उंची विचारून घ्या. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा कधी कधी हाताला लागतील इतक्या लोंबतात. बांधावरच्या वळणावर ती वळेल का, आत गेल्यावर तोंड फिरवायला जागा आहे का, हे शेतकऱ्याला फोटो पाठवून विचारता येतं. आणि काळ्या मातीत ती घालूच नका. अशी जड गाडी ओल्या रानात रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. वीज लागेल तर घराच्या मीटरवरून घ्या, शेतीपंपाच्या लाइनवर विसंबू नका. तिथे वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. संडासाची टाकी लहान असते. १४ जणांनी ती वापरायला सुरुवात केली तर रात्रीच भरेल, तेव्हा ती बाळाच्या कुटुंबापुरती आणि रात्रीपुरती ठेवा. भरलेली टाकी पर्यटन केंद्राच्या शौचकुपात रिकामी करायची सोय आधी विचारा. ओढ्यात किंवा काठावर सोडून निघून येणारी माणसं आहेत. आपण त्यांच्यात नको.

तारखेचं मात्र मी बदलायला सांगेन. नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची गर्दी असते, दरही चढे. त्या सुमारास धरणात पाणी भरपूर असतं, म्हणजे रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगो) लागणारी उथळ दलदल फारशी उघडी पडलेली नसते. जानेवारीच्या शेवटी पाणी उतरू लागतं, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब बघायला मिळायची शक्यता वाढते. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तेव्हा तुम्ही कुणी हलणार नाही हे मी धरूनच चालते. ती झाली की २६ जानेवारीचा विचार करा. मुलांचं शाळेतलं झेंडावंदन आटोपून सकाळी निघालात तरी दुपारच्या जेवणाला पोचाल, टेंभुर्णीपर्यंत साधारण ९० किलोमीटर. शिवाय हुरडा. शेतकऱ्याला आधी सांगितलं तर शेणीच्या आगटीत भाजलेली कणसं, वर शेंगाची चटणी आणि दही, दुपारचा अर्धा कार्यक्रम तिथेच होतो. फक्त जायचं-यायचं उजेडात. कारखाने चालू असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात, आणि रात्री ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

जेवणाचा भार तुमच्यावर घेऊ नका. काठावर १४ जणांचा स्वयंपाक म्हणजे तुम्ही आणि जाऊबाई धुरात, बाकी सगळे सूर्यास्त बघायला. रात्रीचं जेवण तिथल्या माणसांकडून विकत घ्या. पिठलं-भाकरी, ठेचा, खाणाऱ्यांसाठी उजनीचे मासे. दिरांना चूल पेटवायचीच असेल तर सकाळचा चहा त्यांच्याकडे. घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, बाळासाठी मऊ भाताचं सामान. पाणी मात्र मोजून न्या. प्यायला माणशी ३ लिटर धरले तरी ४२ लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे तीन जार पिण्यापुरते, हातपाय-भांड्यांचं पाणी तिथलं बोअरचं. कचऱ्याच्या पिशव्या परत आपल्याच गाडीत.

"बोल मलाच लागणार" याचं उत्तरही यातच आहे. आखणी एकटीने केली की बोल एकटीला लागतात. तंबू आणि रात्रीची देखरेख धाकट्या दिरांकडे, गाडी आणि तिची कागदपत्रं थोरल्यांकडे, खोल्यांची चौकशी जाऊबाईंकडे (बाथरूमचे फोटो त्याच मागवतील, आणि नीट मागवतील), सासूबाईंचं औषध आणि खुर्ची तुमच्या यजमानांकडे, कारण ती त्यांची आई आहे. तुमच्याकडे तारीख आणि पैशांचा हिशेब, बस. हे तोंडी सांगू नका, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी लिहून टाका.

जमलं तर निघण्याच्या आधीच्या रविवारी गच्चीवर एक तंबू लावून तुमच्या दोन्ही मुलांना त्यात झोपवून बघा. मध्यरात्री उठून घरात पळत आली तर तिकडे त्यांच्यासाठी खोलीत दोन गाद्या जास्त सांगून ठेवा. थोरल्या दिरांना आजच फोन करून गाडीची उंची, लांबी आणि टाकीची क्षमता लिहून मागवा. शेतकऱ्याशी बोलताना हे तीन आकडे हाताशी लागतील.